श्वेत बटूची गिरकी खरंच बदलली का? एफओ ॲक्वेरीची वेळ मोजण्याच्या पायऱ्या

डिसेंबर संपत आला की कुणीतरी मला एक आलेख आणून दाखवतं. आडव्या अक्षावर तारखा, उभ्या अक्षावर सेकंद आणि ठिपक्यांमधून गेलेली एक देखणी वक्ररेषा. ‘श्वेत बटूचं परिवलन मंदावतंय,’ म्हणजे त्याची स्वतःभोवतीची गिरकी संथ होतेय, असं उत्साहाने सांगितलं जातं. मी तीनच प्रश्न विचारतो. वेळ कोणती धरली? चक्रं कशी मोजली? रोज रात्री किती तास बसलात? बहुतेकदा दुसऱ्या प्रश्नापर्यंत जायची वेळच येत नाही.

तीच ती चूक पुन्हा पुन्हा होते म्हणून हे क्रमाने लिहितोय. आठ इंची दुर्बीण, थंड करता येणारा सीमॉस कॅमेरा आणि लॅपटॉप एवढं सामान आणि पुण्यातली किंवा पुण्याजवळची एखादी गच्ची धरून चाललो आहे. कॅमेऱ्याने फोटोमेट्री करण्याचा, म्हणजे ताऱ्याचा उजेड मोजण्याचा थोडाफार सराव असेल, असंही गृहीत आहे.

## मोजायचं काय

जोडीतला एक तारा श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा, दुसरा साधा आणि सूर्याहून लहान. साध्या ताऱ्यातला वायू बटूकडे ओढला जातो. बटूचं चुंबकक्षेत्र पुरेसं बळकट असेल तर तो वायू चुंबकीय ध्रुवांजवळ उतरतो आणि बटू फिरेल तसा उजेड कमी-जास्त होतो. अशा जोड्यांना इंटरमीजिएट पोलर म्हणतात. येणारा वायू आपल्याबरोबर कोनीय संवेग आणतो. वायूचा ओघ वाढला की बटूची गिरकी वेगावते. ओघ आटला की चुंबकक्षेत्र दूरच्या संथ वायूत अडकतं आणि गिरकी मंदावते.

हा बदल किती बारीक असतो ते आकड्यांत बघा. समजा परिवलनाचा काळ १२५४ सेकंद आहे आणि तो दर सेकंदाला दोन भागिले दहा अब्ज सेकंद एवढा वाढतोय. दहा वर्षांनी तो काळ जेमतेम ०.०६ सेकंदाने वाढलेला असेल. एवढा फरक कुणाच्याही गच्चीवरून एका रात्रीत मोजला जाणार नाही. पण दरम्यान उजेडाची शिखरं अपेक्षित वेळेपेक्षा सुमारे ७९०० सेकंद उशिरा येऊ लागलेली असतील, म्हणजे सहा चक्रांहून जास्त. भिंतीवरचं घड्याळ एका मिनिटात किती मागे पडतं ते कुणी मोजत नाही, महिन्याभराने रेडिओच्या वेळेशी ताडून बघतात. इथेही तेच करायचं आहे. त्यामुळे सगळा डोलारा दोन खांबांवर उभा राहतो: घड्याळ आणि चक्रांची बिनचूक मोजदाद.

## टप्पा १: तारा निवडा

पहिल्याच वर्षी एई ॲक्वेरीच्या मागे लागू नका. त्याचा बटू ३३.०८ सेकंदांत एक फेरी मारतो आणि मंदावतोय हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून तो मोहात पाडतो. पण दृश्य प्रकाशातली त्याची स्पंदनं अगदी क्षीण असतात. शिवाय बटू कक्षेत पुढे-मागे सरकतो, त्यामुळे स्पंदनांच्या वेळा सुमारे दोन सेकंदांनी इकडेतिकडे होतात. ती दुरुस्ती वेगळी करावी लागते. ७१ सेकंदांच्या डीक्यू हर्क्युलिसचंही तसंच. दोन्हींना लहान दुर्बीण पुरत नाही.

सुरुवातीला एफओ ॲक्वेरी घ्या. परिवलन १२५४.४५ सेकंद, कक्षेचा काळ ४ तास ५१ मिनिटं, नेहमीच्या अवस्थेत प्रत (तेजस्वितेचं माप) साडेतेराच्या आसपास आणि स्पंदन इतकं ठळक की चांगल्या रात्री कच्च्या आलेखावरही डोळ्यांना दिसतं. क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) उणे ८ अंश असल्यामुळे पुण्यातून तो ६३ अंशांपर्यंत चढतो. त्याचा इतिहासही बोलका आहे. १९८० च्या दशकात हा बटू आधी मंदावत होता, त्याच दशकाच्या अखेरीस वेगावू लागला आणि २०१० च्या दशकात पुन्हा मंदावू लागला.

दुसरा पर्याय एओ पिशियम: ८०५ सेकंद, ऋतू तोच. पण त्याच्या दृश्य प्रकाशात ८५९ सेकंदांचं दुसरंच एक स्पंदन जोरात असतं. ते परिवलनाचं नाही. कशाचं, ते पाचव्या टप्प्यात येईल. उन्हाळ्यासाठी ईएक्स हायड्रे आहे. तो पुण्यातून ४२ अंशांपर्यंतच चढतो, पण मार्च ते मे आकाश कोरडं मिळतं. व्ही १२२३ सॅजिटेरी कागदावर उत्तम आहे. मात्र त्याच्या ऐन हंगामात आपल्याकडे धो धो पाऊस असतो, म्हणून तो सोडून दिलेला बरा.

तपासा: निवडलेल्या ताऱ्याचा परिवलनकाळ आणि कक्षाकाळ वहीच्या पहिल्या पानावर लिहा. दोन्ही माहीत असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा २: घड्याळ लावा

हे काम दुर्बीण मांडण्याआधीचं. लॅपटॉपचं घड्याळ एनटीपी सर्व्हरशी (इंटरनेटवरून अचूक वेळ देणाऱ्या संगणकाशी) सतत जुळवून घेणारा प्रोग्रॅम बसवा. विंडोजची स्वतःची जुळवाजुळव ऑफिसच्या कामाला पुरते, या कामाला नाही. मीनबर्गचा एनटीपी मोफत मिळतो. शेतावर किंवा पानशेतकडे नेट नसेल तर जीपीएस लावा. घरी असाल तर राउटर इन्व्हर्टरवर घ्या. लाइट जाते, राउटर बंद पडतो, लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालूच राहतो, आणि तासाभराने घड्याळ किती सरकलं ते कुणालाच कळत नाही.

१२५४ सेकंदांच्या ताऱ्याला एका सेकंदाची अचूकता भरपूर झाली. घोळ होतो तो मोठ्या चुकांमुळे, आणि त्या तीन प्रकारच्या असतात.

पहिली, भारतीय वेळ की जागतिक वेळ. साडेपाच तास म्हणजे १९,८०० सेकंद, म्हणजे एफओ ॲक्वेरीची १५.७८ चक्रं. पूर्ण १५ चक्रं आलेखावर दिसतच नाहीत. उरतं ०.७८, म्हणजे शिखर साडेचार मिनिटं लवकर आल्यासारखं वाटतं. ही चूक साडेपाच तासांची दिसत नाही, म्हणूनच ती पकडली जात नाही. अर्ध्या रात्री एका सॉफ्टवेअरने आणि अर्ध्या दुसऱ्याने घेतल्या असतील तर ‘अचानक बदल’ तयारच.

दुसरी, फाइलमधली वेळ एक्स्पोजरच्या सुरुवातीची की शेवटची. आपल्याला मध्याची हवी. हे सॉफ्टवेअरनुसार बदलतं.

तिसरी माझी स्वतःची. एका हिवाळ्यात कॅमेऱ्याचा ड्रायव्हर अद्ययावत केला आणि त्यानंतर फाइल डाउनलोड होऊन संपली की वेळ लिहिली जाऊ लागली. दोन महिन्यांनी लक्षात आलं. तेव्हापासून हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी जीपीएसवर लुकलुकणाऱ्या एलईडीचे वीस फोटो काढून ठेवतो.

एक सोय मात्र पुण्याला आयती मिळाली आहे. ज्युलियन दिनांक, म्हणजे खगोलात वापरायची दिवसांची सलग मोजणी, जागतिक वेळेच्या दुपारी बाराला बदलतो, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला. त्यामुळे आपली सगळी रात्र एकाच ज्युलियन दिनांकात बसते. फाइलींमध्ये रात्रीच्या मधेच दिनांकाचा पूर्णांक बदललेला दिसला, तर साडेपाच तास दोनदा वजा झाले आहेत असं समजा.

## टप्पा ३: रात्रींचं वेळापत्रक

‘मोकळ्या मिळतील त्या रात्री बसू’ या पद्धतीने चक्रं मोजता येत नाहीत. रात्रींमधली अंतरं शिडीसारखी वाढत गेली पाहिजेत.

का, ते हिशोबाने बघू. एका शिखराची वेळ २५ सेकंदांपर्यंत कळते असं धरा. पाच तासांच्या रात्रीत १४ चक्रं मिळतात. पहिलं आणि शेवटचं शिखर घेऊन काढलेल्या काळात अडीच सेकंदांची चूक असेल. दुसऱ्या रात्रीपर्यंत ६९ चक्रं होतात, म्हणजे चूक साचून सुमारे १७० सेकंद: चक्राच्या सातव्या भागाएवढी. चक्र कितवं ते नक्की सांगता येतं. आता दोन रात्रींच्या आधारावर चूक अर्ध्या सेकंदावर आली. आठवड्यात ४८२ चक्रं होतात, तेव्हा ती चक्राच्या पाचव्या भागाएवढी होते. ठीक. आठवड्यानंतर महिना, महिन्यानंतर थेट सहा महिने. प्रत्येक पायरीवर साचलेली चूक पाव चक्राच्या आत राहते.

आता हेच पहिल्या रात्रीनंतर थेट महिन्याभराने बसून बघा. अडीच सेकंद गुणिले २०६६ चक्रं म्हणजे सुमारे ५२०० सेकंद. चार चक्रं इकडे की तिकडे, काहीच कळणार नाही.

पुण्याच्या हवेत ही शिडी अशी बसते:

- ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात लागोपाठ दोन रात्री. तेव्हा तारा नऊच्या सुमारास मध्यमंडलावर, म्हणजे सर्वात उंच असतो. अंधार पडल्यापासून साडेबारापर्यंत तो ३० अंशांच्या वर राहतो आणि पाच तास सलग मिळतात.
- त्यानंतर तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी एक रात्र, मग आठवड्याने एक.
- नोव्हेंबरच्या विशीत एक-दोन रात्री. इथे साडेतीन तासच मिळतील.
- मेच्या मध्यावर पहाटे साडेतीन ते पावणेपाच. अलार्म लावून उठावं लागतं, पण वर्षाची गाठ याच पहाटेने बांधली जाते.

दिवाळीबद्दल एक कडू सत्य. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे ऐन हंगामातली सगळ्यात काळोखी रात्र, आणि त्या रात्री शहरावर धुराची गोधडी. त्या दोन-तीन रात्री गावाबाहेर जा किंवा फराळ करा. हा तारा क्रांतिवृत्ताला (आकाशातल्या सूर्याच्या वाटेला) अगदी चिकटून असल्यामुळे दर महिन्याला चंद्र त्याच्या शेजारून जातो. त्या दोन रात्री वेळापत्रकातून आधीच खोडून टाका.

सावध: रोज तीच वेळ धरून दोन-अडीच तास बसणं हा सगळ्यात सोयीचा आणि सगळ्यात घातक मार्ग आहे. एफओ ॲक्वेरीची कक्षा दिवसाला ४.९४९ फेऱ्या पूर्ण करते, जवळजवळ पाच. म्हणजे रोज रात्री आठ ते दहा बसलात तर रोज कक्षेचा जवळपास तोच तुकडा दिसतो. तो दिवसाला विसाव्या भागाने सरकतो आणि वीसेक दिवसांनी मूळ जागी येतो. याचा फटका पाचव्या टप्प्यात बसेल.

## टप्पा ४: फोटो आणि फोटोमेट्री

याबद्दल फार लिहीत नाही, कारण इथे सहसा गडबड होत नाही. एक्स्पोजर ३० ते ४० सेकंद, आणि एका मिनिटाच्या वर कधीच नाही. डार्क आणि फ्लॅट घ्या. ऑक्टोबरअखेर दव पडू लागतं, ड्यू हीटर आधीपासून चालू ठेवा. तुलनेचे तारे ॲव्हसोच्या (चलताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकी संघटनेच्या) नकाशावरून निवडा आणि सगळा हंगाम तेच ठेवा. फिल्टरही बदलू नका, कारण स्पंदनाचा आकार रंगानुसार थोडा बदलतो आणि आकार बदलला की शिखराची वेळ सरकते. मोजमापाला ॲस्ट्रोइमेजजे मोफत आहे आणि पुरेसं आहे.

तपासा: एक तुलनेचा तारा दुसऱ्याशी ताडून आलेख काढा. त्यात वीस मिनिटांची लाट दिसली तर ती बटूची नाही, माउंटच्या गिअरची आहे.

## टप्पा ५: वेळ सूर्यमालेच्या वस्तुमानमध्यावर न्या

डिसेंबरमधल्या त्या देखण्या वक्ररेषा बहुतेक इथेच जन्म घेतात.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे ताऱ्याचा उजेड आपल्यापर्यंत कधी लवकर पोचतो, कधी उशिरा. क्रांतिवृत्ताजवळच्या ताऱ्याला हा फरक वर्षभरात अधिक ४९९ ते उणे ४९९ सेकंद असा झुलतो. एफओ ॲक्वेरी क्रांतिवृत्तापासून जेमतेम दोन अंशांवर आहे, म्हणजे त्याला जवळजवळ पूर्ण झोका बसतो. म्हणून आपली वेळ सूर्यमालेच्या वस्तुमानमध्यावरच्या वेळेत बदलून घ्यावी लागते. ऑगस्टअखेर ही दुरुस्ती सर्वात मोठी आणि अधिक असते, नोव्हेंबरअखेर शून्यातून जाते, मग उणे होते. शून्यातून जाताना ती सर्वात वेगाने बदलते: दिवसाला साडेआठ सेकंद. आपला पावसाळ्यानंतरचा हंगाम नेमका तेव्हाचा. दुरुस्ती केली नाही तर नोव्हेंबरच्या एका महिन्यात शिखरं अडीचशे सेकंदांनी सरकतात आणि आवर्तकाल ०.१२ सेकंदांनी चुकीचा येतो. वरच्या उदाहरणात दहा वर्षांत झालेल्या खऱ्या बदलाच्या हा दुप्पट आहे.

करायचं असं:

१. प्रत्येक फोटोच्या मध्याची जागतिक वेळ घ्या.
२. ताऱ्याचे निर्देशांक आणि तुमची जागा द्या. पुण्यासाठी अक्षांश १८.५ उत्तर, रेखांश ७३.९ पूर्व, उंची ५६० मीटर. तुम्ही कोथरूडला की हडपसरला, याने काही बिघडत नाही.
३. ॲस्ट्रोइमेजजे किंवा पायथनमधल्या ॲस्ट्रोपायकडून वस्तुमानमध्याचा ज्युलियन दिनांक काढून घ्या, तोही बॅरिसेंट्रिक डायनॅमिकल वेळेत, म्हणजे टीडीबीमध्ये.

शेवटची अट महत्त्वाची. जागतिक वेळेत अधूनमधून लीप सेकंद घातले जातात, टीडीबी सलग धावते. २०१७ पासून दोन्हींतला फरक ६९.१८४ सेकंद आहे. १९८१ च्या उत्तरार्धात तो ५२.१८४ होता. जुन्या लेखांतल्या वेळा बहुधा सूर्यकेंद्री आणि जागतिक वेळेत असतात. त्या तशाच उचलून आपल्या टीडीबी वेळांशेजारी ठेवल्या की मिनिटभराची पायरी तयार होते. सूर्यकेंद्र आणि वस्तुमानमध्य यांतला फरक मात्र चारेक सेकंदांचाच, आपल्या ताऱ्याला तो चालून जातो.

तपासा: ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातली दुरुस्ती (टीडीबीचा फरक सोडून) अधिक ३०० सेकंदांच्या आसपास आली पाहिजे. उणे आली तर चिन्ह उलटं पडलंय किंवा निर्देशांक चुकलेत.

### परिवलन, कक्षा आणि ठेका

आता त्या दुसऱ्या स्पंदनाबद्दल. ध्रुवांजवळून निघालेला झोत दीपस्तंभासारखा फिरतो. त्याचा उजेड सोबतच्या ताऱ्यावर किंवा बटूभोवतीच्या वायूच्या तबकडीतल्या एखाद्या फुगवट्यावर पडून आपल्याकडे येतो, तेव्हा तो फुगवटाही कक्षेत पुढे सरकत असतो. म्हणून झोताला तिथे पुन्हा पोचायला जरा जास्त वेळ लागतो. परिवलनाच्या वारंवारतेतून कक्षेची वारंवारता वजा केली की हा ठेका मिळतो. एफओ ॲक्वेरीला तो १३५१ सेकंदांचा, एओ पिशियमला ८५९ चा.

दोन सूर एकत्र वाजत असताना वेगळे ऐकायचे तर निदान एक पूर्ण कक्षा ऐकावी लागते, म्हणजे पाच तास. अडीच तासांत दोन्ही मिसळून एकच गुबगुबीत शिखर दिसतं. ठेक्याची उंची परिवलनाच्या एक तृतीयांश असली, तरी मिसळलेलं शिखर मिनिटभराने पुढे-मागे सरकू शकतं. वर म्हटलं तसं रोज त्याच वेळी बसलात तर हे सरकणं वीस दिवसांच्या संथ लाटेसारखं दिसेल. दहा रात्रींत त्या लाटेचा अर्धाच भाग पकडला जातो, आणि अर्धी लाट हुबेहूब पॅराबोलासारखी असते!

म्हणून हा क्रम मोडू नका. आधी रात्रीच्या आलेखातून कक्षेचा संथ चढउतार काढा. मग लोम्ब-स्कार्गल पद्धतीने किंवा पिरियड ०४ या प्रोग्रॅमने वारंवारता शोधा. मग परिवलन, ठेका आणि परिवलनाची दुप्पट वारंवारता अशा तिन्ही लाटा एकत्र बसवा. एकेक करून नाही.

सावध: आलेखात १२३६ किंवा १२७३ सेकंदांचं शिखर १२५४ च्या बरोबरीने उंच दिसलं तर दचकू नका. ते फक्त रात्रीच निरीक्षण केल्याने पडलेलं प्रतिबिंब आहे, दिवसाला एक चक्र इकडे किंवा तिकडे. त्यातलं सर्वात उंच शिखर डोळे मिटून खरं मानू नका.

२०१६ मध्ये या ताऱ्याची प्रत बरीच उतरली होती. वायूचा ओघ घटला आणि तेव्हा परिवलनापेक्षा ठेक्याची अर्धी लय, सव्वाअकरा मिनिटांची, वरचढ झाली. तारा नेहमीपेक्षा मंद दिसत असेल तर त्या रात्रीची शिखरं वेगळ्या यादीत ठेवा. ती कदाचित त्याच गोष्टीची शिखरं नाहीत.

## टप्पा ६: रात्रीमागे एकच वेळ

प्रत्येक शिखर डोळ्यांनी मोजून चौदा वेळा लिहिण्याचा मोह आवरा. ताऱ्याचा उजेड सतत फडफडत असतो आणि एकेका शिखराची वेळ त्यात वाहून जाते. परिवलनाचा काळ ठाम ठेवून सगळ्या रात्रीला लाट बसवा आणि रात्रीच्या मध्याजवळच्या एका शिखराची वेळ काढा. एक रात्र, एक वेळ, एक त्रुटी.

त्या त्रुटीचंही जरा बघा. सॉफ्टवेअर ३ सेकंद छापेल. तो आकडा प्रत्येक बिंदू स्वतंत्र आहे असं धरून आलेला असतो, पण फडफड स्वतंत्र नसते. रात्रीचे दोन तुकडे करा, प्रत्येकाची वेळ वेगळी काढा, फरक बघा. तो १५ सेकंद आला तर तुमची त्रुटी १५ च्या घरातली आहे, मग सॉफ्टवेअर काहीही म्हणो. याच एका आकड्यावर पुढे ‘बदल आहे’ की ‘बदल नाही’ हे ठरतं.

## टप्पा ७: चक्रं मोजा

कागद घ्या. पहिल्या रात्रीचं शिखर शून्यावं. पुढच्या रात्रीच्या वेळेतून ते वजा करा, आवर्तकालाने भागा. उत्तर पूर्णांकाच्या जवळ आलं पाहिजे: ६८.९७ म्हणजे ६९. मग सुधारलेला आवर्तकाल घ्या आणि पुढच्या रात्रीकडे जा. दर पायरीला लिहा: पूर्णांकापासून अंतर किती, आणि साचलेली चूक किती अपेक्षित होती.

साचलेली चूक पाव चक्राच्या पुढे गेली तर थांबा. शेजारचे दोन्ही पूर्णांक लिहून ठेवा आणि मधली रात्र शोधा. स्वतःची नसेल तर ॲव्हसोच्या साठ्यात कुणाची तरी सापडते. ‘आलेख छान दिसतो तो पूर्णांक’ हा निकष नव्हे. चुकीचा पूर्णांक घेऊनही सुरेख पॅराबोला बसतो, हीच तर अडचण आहे. याच ताऱ्यावर केप्लर यानाने २०१४-१५ मध्ये सलग ६९ दिवस नजर ठेवली होती. असा सलग तुकडा मिळाला तर तेवढ्या भागात शंकेला जागाच उरत नाही. टेस यानाच्या नोंदीही वस्तुमानमध्यावरच्या टीडीबी वेळेत मिळतात. फक्त त्यांच्या दिनांकात २४५७००० मिळवायला विसरू नका.

व्यावसायिकांचीही इथे दमछाक होते. एआर स्कॉर्पीचा बटू ११७ सेकंदांत फिरतो. त्याची स्पंदनं २०१५ मध्ये हौशी निरीक्षकांच्याच लक्षात आली. २०१६ मध्ये तो मंदावत असल्याचं, दरासकट, जाहीर झालं. २०१८ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की हाताशी असलेल्या वेळा तो दर ठरवायला पुरत नाहीत. त्याच वर्षी आणखी निरीक्षणं आली. मंदावणं खरं निघालं, पण दर आधीच्या जवळपास दुप्पट.

## टप्पा ८: ओ वजा सी आणि त्याचे आकार

ओ म्हणजे निरीक्षणातली वेळ, सी म्हणजे ठरावीक आवर्तकाल धरून गणिताने आलेली वेळ. वजाबाकी उभ्या अक्षावर, चक्रक्रमांक आडव्यावर. आधी सरळ रेषा बसवा, मगच पॅराबोला. वर्गपदाचा सहगुणक म्हणजे आवर्तकाल गुणिले त्याच्या बदलाचा दर, भागिले दोन. ते दोनाने भागणं इतक्या जणांकडून राहतं की मी आधी तेच बघतो.

आकारावरून आजार ओळखता येतो.

तिरकी सरळ रेषा आली तर काहीच बदललेलं नाही, धरलेला आवर्तकाल किंचित चुकला होता. वर्षाची लाट दिसली तर पाचवा टप्पा राहिलाय. वीस दिवसांची लाट म्हणजे ठेका मिसळलाय. सत्तर किंवा पंधरा-सतरा सेकंदांची पायरी असेल तर दोन वेळपद्धती एकत्र आल्या आहेत, आणि साडेचार मिनिटांची पायरी म्हणजे आपली भारतीय वेळ. करवतीसारखे दाते दिसले तर चक्र सुटलंय. यातलं काहीच नसेल आणि रेषा वर उघडणारी वाटी असेल, तर आवर्तकाल वाढतोय, बटू मंदावतोय. खाली वाकली असेल तर वेगावतोय.

तपासा: तुमच्याकडे तीनच बिंदू असतील तर पॅराबोला त्यांतून जाणारच, कोणत्याही तीन बिंदूंतून जातो. निदान तीन हंगाम आणि प्रत्येकात चार-पाच रात्री होईपर्यंत दर जाहीर करू नका. वर्गपद काढून टाकल्यावर उरलेली तफावत किती वाढते तेही बघा. फारशी वाढत नसेल तर वही मिटा, पुढच्या ऑक्टोबरात उघडा.

दर आला तरी लगेच ‘वायूचा ओघ इतका घटला’ असं लिहू नका. ते सांगायला ताऱ्याच्या प्रतीचा त्याच काळातला आलेख शेजारी लागतो, आणि प्रत उतरल्याबरोबर परिवलन त्याच महिन्यात वळतं असंही नाही. एफओ ॲक्वेरीची मंदावण्याची सुरुवात २०१६ च्या त्या उतरणीच्या आधीची आहे.

सगळं जुळलं की मूळ नोंदी ॲव्हसोला पाठवा: प्रत्येक फोटोची वेळ, प्रत आणि त्रुटी. नुसत्या शिखरांच्या वेळा पाठवू नका. दहा वर्षांनी कुणाला तरी तुमचीच एखादी नोव्हेंबरची रात्र चक्र जोडायला लागेल, आणि त्याला ठेका स्वतः वेगळा करून बघायचा असेल. वेळ जागतिक की टीडीबी, सुरुवातीची की मध्याची, हे टिपणाच्या पहिल्या ओळीत लिहा. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत किंवा तुमच्या कॉलेजात आणखी कुणी हाच तारा धरला असेल, तर एक रात्र ठरवून दोघांनी दोन गच्च्यांवरून एकाच वेळी निरीक्षण करा. दोघांच्या शिखरांत पाच सेकंदांहून जास्त फरक आला, तर दोघांपैकी एकाचं घड्याळ नक्की चुकलंय, आणि ते कुणाचं हे एलईडीचे ते वीस फोटो सांगतील.